दोनशे बावन्न फूट

भाऊजी, पाढ्यांवरून चाललेलं आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. दवाखान्यात त्या शेवटच्या सोमवारी मी तुमच्यासाठी संत्र्याचा रस घेऊन आलो, तर पेला हातात घ्यायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "परभाकर, म्या अजूनई सांगतो, पोरीले पाढे पाठ कराले लावाचे नव्हते."

मी म्हटलं, "भाऊजी, पाढे पाठच करायचे असतात. एकोणीस सत्ते किती, हे माणूस दर वेळी धागे मोजून काढणार का?"

"काहून नाई? धागे खोटं सांगत नाई."

नर्सने दोघांनाही गप्प केलं. माझं मत आजही तेच आहे. पाढे पाठच हवेत, तीसपर्यंत. तुम्ही गेलात म्हणून मी ते बदलणार नाही, आणि बदललं तर तुम्हालाच आवडणार नाही.

पण दुसरी एक गोष्ट आहे. तिच्यात मी चूक होतो आणि तुम्ही बरोबर होतात. हे तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि पंधरा वर्षांत आपण दोघांनी एकदाही त्यावर तोंड उघडलं नाही. ती गोष्ट लिहायला बसलो आहे. आज तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले. तुमचं जन्मगाव उमरेड, धंदा हातमागाचा, मागे कोण कोण, हा मजकूर ताईने वर्तमानपत्रात दिला. तो मी तपासला आहे, बरोबर आहे. इथे पुन्हा लिहीत नाही.

माझ्या शैलाचा उजवा पाय ती तीन वर्षांची असताना तापात गेला. सहाव्या वर्षी लोखंडी पट्ट्यांचा बूट चढवून मी तिला शाळेत नेलं, तर दोन शाळांनी एकच प्रश्न विचारला: "पायऱ्यांवरून पडली तर जबाबदारी कोणाची?" म्हणून मी तिला घरी शिकवायचं ठरवलं. मी मोजणी खात्यातला माणूस. वेळापत्रक आखलं, भिंतीला लावलं. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास, अंकलिपी, शुद्धलेखन, पाढे. तीन महिन्यांत पोरीचं पोट दुखायला लागलं. पाटी दिसली की दुखायचं, पाटी उचलून ठेवली की थांबायचं. निर्मला मला म्हणाली, "तुम्ही शिकवताय की शेताची हद्द कायम करताय?" बायकोचं हे बोलणं मला झोंबलं, पण खोटं नव्हतं.

तेव्हा ताई म्हणाली, दिवसभर आमच्याकडे आणून सोड. आणि तुम्ही मागावरून न उठता म्हणालात, "मले चौथीपर्यंतच येते गा. पण जेवढं येते तेवढं पक्कं येते."

मी दोन महिने बघू म्हणून हो म्हटलं. ती जवळपास पाच वर्षं तुमच्याकडे शिकली.

तुमचा एकच नियम होता: हाताने केल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही. मला तो पोरखेळ वाटायचा. कचेरीत जाताना मी शैलाला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणत असे आणि वाटेत पाढे म्हणून घेत असे, कारण तेवढी वीस मिनिटंच माझ्या हातात उरली होती. तुम्ही दारातच उभे असायचे. "आली का वं पोपटाची गाडी?" शैला खळखळून हसायची, आणि मी चौदाचा पाढा अर्धा सोडून सायकल वळवायचो. तुम्ही तो अर्धा पाढा मागावर पुरा करून घ्यायचात. लुगड्याच्या काठासाठी चौदा-चौदा धाग्यांच्या जुड्या तिच्याकडून बांधवून घ्यायचात आणि विचारायचात, "सात जुड्या झाल्या, धागे किती लागले, सांग." ती मोजून सांगायची. मी शिकवलेलं ती न मोजता सांगायची. दोन्ही उत्तरं एकच यायची, आणि त्यावर आपण दोघेही आपापला विजय मानायचो.

अपूर्णांकांचं मात्र मी कबूल करतो. ते मला तुमच्यासारखे शिकवता आले नसते. तुम्ही तिच्यापुढे एकाच मापाची दोन संत्री सोलून ठेवलीत. एकाला दहा फोडी निघाल्या, दुसऱ्याला अकरा. तुम्ही दहातली एक उचललीत आणि तिला अकरातली एक दिलीत. ती लगेच म्हणाली, "आतोबा, तुमची मोठी आहे." तुम्ही विचारलंत, "काहून मोठी? अकरा तर दहापेक्षा जास्त असते." पोर पाच मिनिटं त्या फोडीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "जास्त जणांत वाटलं ना, म्हणून प्रत्येकाला कमी." छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो, हे मी तिला फळ्यावर एकवीस वेळा सांगितलं होतं. एकवीस हा आकडा अंदाजाने लिहिलेला नाही.

होळीच्या आधी तुम्ही पळसाची फुलं आणलीत आणि रंग काढायला लावलात. फुलं किती वाट्या, पाणी किती, चुना किती चिमूट, हे तिने प्रत्येक वेळी लिहायचं. सहा वाडग्यांत सहा रंग झाले. त्यातला चौथा तुम्हाला सुतासाठी पसंत पडला, आणि तो कसा केला हे तिची वही बघूनच पुन्हा करता आलं. त्या दिवशी घरी येऊन ती आईला म्हणाली, "आतोबांनी माझी वही मागितली." शाळेत पहिला नंबर आला असता तरी ती एवढी फुगली नसती.

नकाशाची गोष्ट तुमच्याकडच्या तिच्या चौथ्या वर्षातली. तुम्ही तिला गल्लीचा नकाशा काढायला लावलात. तुमच्या दारापासून विहीर, विहिरीपासून देऊळ, आणि शेवटी कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. पावलांनी मोजायचं ठरलं. पण तिचा डावा पाय लांब पडायचा आणि उजवा आखूड, त्यामुळे आकडा दर वेळी वेगळा येई. ती रडकुंडीला आली. तुम्ही ओट्यावर बसून तिला चारदा चालताना पाहिलंत आणि म्हणालात, "एक पाऊल मोठं हाय, एक लहान हाय. मंग दोन्ही मिळून एक मोज ना वं."

तिने त्याला नाव दिलं जोडपाऊल. तुम्ही तुमचा तीन फुटी लोखंडी गज काढलात, वीस गज अंतर जमिनीवर खुणा करून आखलंत आणि तिला चालायला लावलंत. तीस जोडपावलं. पुन्हा तीस. म्हणजे एक जोडपाऊल बरोबर दोन फूट. बुटाच्या पट्ट्यांमुळे तिचं जोडपाऊल सहसा बदलत नसे. माझं तुमचं बदलतं, तिचं नाही. मग ती दारापासून गिरणीपर्यंत पाच वेळा गेली. एकशे सव्वीस, एकशे पंचवीस, एकशे सव्वीस, एकशे सत्तावीस, एकशे सव्वीस. तिने लिहिलं: दोनशे बावन्न फूट.

रविवारी मी तो कागद पाहिला आणि माझ्यातला मोजणीदार जागा झाला. घरचा कापडी टेप काढला, पन्नास फुटी, अकरा वर्षं वापरलेला. एक टोक निर्मलाकडे दिलं. "ताणून धर," मी म्हटलं. "ढिला टेप म्हणजे खोटा आकडा." ती म्हणाली, "अजून ताणला तर मीच गिरणीत जाऊन पडेन." चार पूर्ण टेप आणि वर सत्तेचाळीस फूट. दोनशे सत्तेचाळीस. मी लाल शाईने शैलाच्या आकड्याशेजारी तो लिहिला. ती खोडरबर घेऊन आली, तेव्हा तुम्ही तिचा हात धरलात. "खोडू नको. तू मोजलं थे तुह्यं. बापानं मोजलं थे बापाचं. दोन्ही राहू दे."

त्या जूनमध्ये एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई तिची परीक्षा घ्यायला तयार झाल्या. परीक्षेत पास झाली तर पाचवीत प्रवेश. तळमजल्यावर वर्ग, पायऱ्या नाहीत. शैला आदल्या दिवसापासून जेवली नव्हती. इतर मुलींसारखं शाळेत जायचं, एवढं एकच तिला हवं होतं.

पाढे विचारले. तिने एकोणतीसचा सुद्धा म्हटला, आणि मी मनात तुमच्याकडे बघून मिशी पिळली. मग बाईंनी तिने सोबत आणलेला गल्लीचा नकाशा उचलला. "इथे दोन आकडे का गं?"

"एक माझा आहे. एक बाबांचा."

"खरा कोणता?"

"माझा. मी पाच वेळा मोजला."

मी मागच्या बाकावर बसलो होतो. गप्प बसायला हवं होतं. पण मोजणी खात्यातल्या माणसाच्या मुलीने परीक्षेत चुकीचा आकडा खरा म्हणून सांगितला, हे मला सहन झालं नाही. मी उठून म्हणालो, "बाई, ती पायाने मोजते, आणि तिचा पाय तर असा. माझा टेपचा आकडा धरा."

शैलाने वळून माझ्याकडे पाहिलं नाही. तिने मान खाली घातली, आणि त्यानंतर बाईंच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. शुद्धलेखनाचा कागद कोरा राहिला. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आणा. मुलगी हुशार आहे, पण अजून थोडी बोलकी होऊ द्या."

बोलकी होती हो ती. माझ्यामुळे गप्प झाली.

तुमच्या घरी आलो तेव्हा मी सगळं सांगितलं, माझं वाक्य सुद्धा. मी काही लपवणारा माणूस नाही असं तेव्हा समजत होतो. तुम्ही शैलाला एक शब्द विचारला नाही. तिला सुताच्या कांड्या भरायला बसवलंत. मग म्हणालात, "थो टेप आण बरं." मी आणला. तुम्ही तो अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून फूटभर चोळलात, जसं सूत विकत घेताना चोळता. म्हणालात, "सूत हाय हे गा परभाकर. अकरा वर्सं तू त्याले ताणून राहिला. सूत ताणलं का लांबतेच."

मी काय म्हणालो ते मला शब्दन्शब्द आठवतं. "भाऊजी, तुम्ही लुगडी विणा. मोजणी माझा धंदा आहे."

पुढचे कित्येक आठवडे मी शैलाला दारात सोडून न बोलता निघून जात होतो. तुम्ही पोपटाची गाडी म्हणत नव्हतात.

श्रावणात एके दिवशी मी तो टेप कचेरीत नेला. आवारात मोजणीच्या साखळ्या तपासायच्या दगडी खुणा आहेत. दुपारी सगळे जेवायला गेले असताना पन्नास फुटांच्या दोन खुणांवर टेप धरला. टेप म्हणाला, एकोणपन्नास फूट आणि पाव इंच. मी तीनदा धरला. मग तिथेच बसून हिशेब केला. टेपच्या पन्नास फुटांमागे एक फूट जास्तीचा. दोनशे सत्तेचाळीसचे खरे फूट किती, तर दोनशे बावन्नला इंचभर कमी. आकड्यात खोट राहू नये म्हणून मी टेप दर वेळी कचकचून ताणला, आणि त्या ताणण्यानेच आकडा खोटा झाला. इतकी साधी गोष्ट विणकराला बोटांनी कळली आणि मोजणीदाराला खुणा बघून कळली.

मी काय केलं? टेप घरी नेऊन बंबात घातला. दुसऱ्या दिवशी इतवारीच्या बाजारातून पोलादी टेप आणला. शनिवारी तुम्ही तो माझ्या पिशवीत पाहिलात.

"नवा घेतला का?"

"हो."

"बरं केलं."

एवढंच. तुम्हाला सगळं कळलं, आणि कळलं हे मला कळलं. तुम्ही मागावर बसलात, मी सायकल काढली. सोमवारी तुम्ही पुन्हा दारात उभे राहून म्हणालात, "आली का वं पोपटाची गाडी?" मला इतकं हलकं वाटलं की मी ठरवलं, आता सांगायची गरज नाही. हीच माझी दुसरी चूक, आणि ही मोजायला टेप नाही. कारण ज्या पोरीला मी चूक ठरवलं होतं, तिच्यापर्यंत यातलं काहीच गेलं नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये मी वर्गाबाहेर कडुनिंबाखाली थांबलो. तुम्ही आत बसलात. अर्ध्या तासाने तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, "घेतली." तुमचे डोळे ओले होते, आणि मी ते पाहू नये म्हणून तुम्ही माझ्या सायकलीच्या ब्रेकची तक्रार करायला लागलात. शैला एक वर्ष उशिरा पाचवीत गेली. पुढे पॉलिटेक्निक केलं, आणि आता हिंगण्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात आहे. कंपनीची बस कोपऱ्यावरून घेते. मी हे लोकांना अभिमानाने सांगत असे. सांगताना ते एक वर्ष कुठे गेलं, हे गाळत असे.

तुमची तेरवी झाली, त्या दुपारी ताई मागाच्या खोलीत सूत आवरत होती. मी मदत करायला गेलो. ती म्हणाली, "परभाकर, तू शैलाले काही सांगणार होता का रे?"

मी विचारलं, "का गं?"

"हे म्हणत जायचे. टेपाचं काहीतरी. मी म्हटलं, तुम्हीच सांगून टाका ना पोरीले. तं म्हणत, 'बाप हाय थो तिचा. सांगन कधीतरी. मी मधात नाई पडत.' पंधरा वर्सं हेच म्हणत होते. मले तं वाटते, तू सांगणार नाई म्हणून यायनंच सांगाले पायजे होतं."

भाऊजी, मला वाटत होतं, तुम्ही माफ करून विसरलात. तुम्ही विसरला नव्हतात. तुम्ही वाट बघत होतात.

शैला बाहेर ओट्यावर पत्रावळी मोजत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. टेप, खुणा, पाव इंच, बंब. तिने हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या. मग विचारलं, "आतोबांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी रोज त्यांच्याजवळ बसत होते. मला बोलले नाहीत."

"ते माझं काम होतं."

"हो," ती म्हणाली, "तुमचंच होतं." मग म्हणाली, "बाबा, माझा आकडा बरोबर होता हे मला माहीत होतं. मी पाच वेळा मोजला होता. मला सांगून काय उपयोग? तुम्ही ते बाईंसमोर म्हणाला होतात. 'तिचा पाय तर असा.' बाईंसमोर."

तिने त्या दिवशी माझ्याशी पुढे बोलणं टाकलं. मी तिला दोष देत नाही. मी बाईंचा पत्ता काढला. बाई आता निवृत्त आहेत, मुलाकडे राहतात. परवा रविवारी मी शैलाला म्हटलं, चल. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि बूट चढवला.

बाईंना काहीच आठवत नव्हतं. मी आणि शैला, दोघेही परके. त्यांनी पाणी दिलं, कोण कोणाचे विचारलं. मी उभा राहिलो, कारण तेव्हा मी उभा राहून बोललो होतो. मी म्हणालो, "बाई, पंधरा वर्षांपूर्वी तुमच्यासमोर मी माझ्या मुलीचा आकडा चूक ठरवला आणि तिच्या पायाला दोष दिला. तिचा आकडा बरोबर होता. माझा चूक होता. तिच्या पायात काही चूक नव्हती. हे सांगायला आलो आहे."

बाई गोंधळल्या. "अहो, पण मी तिला घेतली होती ना?"

"घेतली होती. एक वर्ष उशिरा."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या. म्हातारं माणूस, त्यांनी मला बसायला सांगितलं. भाऊजी, मनाशी मी या प्रसंगाला फार मोठं करून ठेवलं होतं. तो तीन मिनिटांत संपला, आणि ज्यांच्यासमोर सांगायचं होतं त्यांना तो लक्षातही नव्हता. पण शैलाने ऐकलं. ती माझ्या शेजारी बसली होती, आणि मी बोलत असताना तिने मान खाली घातली नाही.

तुमच्यापुढे मी कबुली देत नाही, तुम्हाला ती कधीच लागली नाही. आभार मानतो. माझ्या मुलीला तुम्ही स्वतःच्या मोजण्यावर भरवसा ठेवायला शिकवलंत, इतका की बापाने चारचौघांत खोटं पाडलं तरी तो भरवसा मोडला नाही. तिचं तोंड मी बंद केलं, मन मला बदलता आलं नाही. आणि माझ्या वाटणीचं काम तुम्ही माझ्याकडून काढून घेतलं नाहीत. ताई म्हणते तसं तुम्ही सांगून टाकलं असतं तर सोपं झालं असतं. बरोबर झालं नसतं. इथे माझं मत तुमच्या बाजूने आहे. तशी वेळ फार थोड्या वेळा आली, म्हणून नोंदवून ठेवतो.

निघताना बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "आता काय करते ही?"

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. मी ओठ मिटले आणि शैलाकडे पाहिलं. तिने सांगितलं.